ब्रेकखालची जखम

जुलैचा दुसरा आठवडा. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती आणि एक रिक्षावाले काका दवाखान्याच्या अकरा पायऱ्या चढून सरळ आत आले. उजव्या पायाला बँडेज, बँडेजवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीला रबरबँड, आणि चाल मात्र एकदम ताठ. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. बँडेज सोडलं तर तळव्याला रुपयाच्या नाण्याएवढी जखम. एवढी जखम असलेल्या माणसाने लंगडायला हवं. लंगडणाऱ्या पायापेक्षा न लंगडणाऱ्या पायाची मला जास्त भीती वाटते.

काका ५४ वर्षांचे, वजन ५८ किलो, राहायला दांडेकर पुलाच्या बाजूला, सव्वीस वर्षं रिक्षा चालवतात. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) डायबेटीस निघून अकरा वर्षं झालेली. गोळ्या चालू होत्या, म्हणजे संपल्या की आणायच्या आणि आणल्या की विसरायच्या. सोबत काकू आणि धाकटा मुलगा. काकूंचं म्हणणं, "एवढा काडीसारखा माणूस, ह्यांना कसली साखर हो मॅडम?" निदान पुण्यात तरी हा प्रश्न कुणी विचारू नये. इथल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आयुष्य याच प्रश्नावर घालवलंय. २००४ साली त्यांनी स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, दोघांचा सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. काडीसारखा माणूस आतून काडीसारखा असतोच असं नाही.

जखमेची जन्मकथा काकांनी तुकड्या-तुकड्यांनी सांगितली. फेब्रुवारीत अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याच्या बाजूने, घट्टा जाणवायला लागला. तिथेच का? रिक्षात क्लच आणि गिअर डाव्या मुठीत असतात, ॲक्सिलरेटर उजव्या मुठीत आणि ब्रेक उजव्या पायाखाली. लक्ष्मी रोडला संध्याकाळी सहा वाजता रिक्षा घातली तर ब्रेकवरचा पाय उचलायची सोय नसते. सव्वीस वर्षं तोच पाय, तीच जागा, तीच लोखंडी पट्टी. मार्चमध्ये काकांनी दाढीच्या ब्लेडने घट्टा स्वतःच सोलला. दुखलं नाही, म्हणून जरा जास्तच सोलला.

त्यावर काकूंनी हळद आणि खोबरेल तेल लावलं. हळदीला मी हसणार नाही. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं होतं. ते सीएसआयआर या आपल्या सरकारी विज्ञान-संशोधन संस्थेने लढून १९९७ साली रद्द करायला लावलं, आणि त्या वेळी सीएसआयआरचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, त्याआधी आपल्या पाषाण रोडच्या एनसीएल या रसायनशास्त्राच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचे संचालक. पण ते पेटंट रद्द झालं ते 'हे आमच्या आज्यांना आधीपासून माहीत आहे' या मुद्द्यावर. मिसळणाच्या डब्यातली हळद खोल जखमेत भरावी, असा निकाल काही तिथे लागला नाही. खरचटलेल्या गुडघ्यावर ठीक आहे. तळव्याच्या खड्ड्यात ती चिखलासारखी बसते आणि शरीराला ती आणखी एक बाहेरची वस्तू म्हणून निस्तरावी लागते.

हळदीने भागेना तेव्हा मेडिकलमधून एक ट्यूब आली. 'खाज, बुरशी, जखम, सगळ्याला चालते' असं सांगून दिलेली. तिच्यात तीन औषधं होती आणि त्यातलं एक होतं चांगलं कडक स्टेरॉइड. लाली गेली, घरचे खूश झाले, जखम जिथल्या तिथे. मेपासून घराजवळच्या एका दवाखान्यात रोज हायड्रोजन पेरॉक्साइडने धुणं आणि वरून कापूस. फेस आला की जंतू मेले, असा तिथला हिशोब. पेरॉक्साइडचा फेस जंतू आणि आपल्या पेशी असा भेद करत नाही. नव्याने आलेली पेशीही त्यात मरते.

अशी चौदा आठवड्यांची जखम माझ्यापुढे आली.

तपासणीत काय निघालं ते थोडक्यात लिहिते. जखम २.४ बाय २ सेंटिमीटर, म्हणजे ढोबळ ४.८ चौरस सेंटिमीटर. खोली सहा मिलिमीटर. कडा पांढऱ्या, भिजलेल्या, आत वळलेल्या. तळ फिकट, वर पिवळट बुळबुळीत थर. भोवतीचं कातडं चपलेच्या तळव्यासारखं टणक. दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला दहा ठिकाणी टेकवला. काकांना दोनच ठिकाणी कळला. ट्यूनिंग फोर्कची थरथर घोट्यापर्यंत नाही. रक्तपुरवठा चांगला होता. डायबेटीसमध्ये पायाच्या रोहिण्या चुन्यासारख्या कडक होतात आणि घोट्याचा दाब खोटं बोलतो, म्हणून अंगठ्याचा दाब वेगळा मोजला, तो ७८ निघाला. जखमेत घातलेली तपासणीची सळई हाडाला टेकत नव्हती, एक्स-रे स्वच्छ. पसरणारी लाली नाही, ताप नाही, पू नाही. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, १०.६.

म्हणजे रक्त पोचतंय, हाड शाबूत आहे, जंतुसंसर्ग म्हणावा असा नाही. आणि तरी साडेतीन महिने जखम भरत नाही.

मुलाने पाठीवरच्या बॅगेतून एक डबा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, पप्पांची इम्युनिटी डाऊन आहे ना? हे चालू केलंय. महिन्याचा कोर्स आहे." किंमत विचारली नाही, डब्याच्या चकाकीवरून अंदाज आला.

"अरे, डाऊन कुठली," मी म्हटलं. "जागेवर गर्दी उसळली आहे. घरी जायला कुणी तयार नाही, ही अडचण आहे."

खोदणारे आणि बुजवणारे

पुण्याच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. आपल्याकडे रस्ता खोदायला माणसं तत्परतेने येतात. पाइप टाकला जातो, केबल टाकली जाते. बुजवायला कुणी येत नाही, आणि अर्धवट खड्ड्यात पावसाचं पाणी साठून शेजारचा चांगला रस्ताही खचायला लागतो. जुनी जखम म्हणजे नेमकं हेच.

साधा काप पडला की आधी रक्त गोठतं. काही तासांतच रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात. जंतू खाणं, मेलेल्या ऊतीला विरघळवणारी रसायनं सोडणं, हे त्यांचं काम. पहिले एक-दोन दिवस त्यांचं राज्य. हे खोदकाम आहे, आणि ते लागतंच. खालचा राडारोडा निघाल्याशिवाय वर डांबर टाकून काय उपयोग? मग दोन-तीन दिवसांनी मॅक्रोफेज येतात, मोठ्या भक्षक पेशी. गंमत इथे आहे. शरीरात खोदणारा आणि बुजवणारा ठेकेदार हा एकच मॅक्रोफेज असतो. आल्याआल्या तो खोदणाऱ्यांच्यात सामील होतो. पण न्यूट्रोफिल अल्पायुषी; ते जागेवरच मरतात आणि मॅक्रोफेज त्यांना गिळतो. त्या गिळण्यातूनच त्याला काम बदलायचा हुकूम मिळतो. सूज वाढवणारी रसायनं सोडणं तो थांबवतो आणि नव्या रक्तवाहिन्यांना, कोलॅजन (कातडीला बळ देणारे धागे) विणणाऱ्या पेशींना बोलावणारी रसायनं सोडायला लागतो. पोट भरलं की कामाची पाळी बदलते म्हणा ना. (पुस्तकात या दोन रूपांना एम-वन आणि एम-टू अशी नावं आहेत. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये अनेक छटा असतात. माझ्या पेशंटना मात्र खोदणारा आणि बुजवणारा एवढंच पुरतं.)

मॅक्रोफेजचं महत्त्व आज-कालचं नाही. १९७२ साली अमेरिकेत सिम्पसन आणि रॉस यांनी गिनीपिगांच्या रक्तातले न्यूट्रोफिल जवळजवळ संपवले आणि मग काप दिले. जंतू शिरू दिले नाहीत, आणि जखमा ठरल्या वेळी भरल्या. तीन वर्षांनी, १९७५ साली, लीबोविच आणि रॉस यांनी मॅक्रोफेज संपवले. या वेळी जखमेत राडारोडा तसाच पडून राहिला, धागे विणणाऱ्या पेशी उशिरा आल्या, भराव रखडला. म्हणजे साफसफाईला जाणारे न्यूट्रोफिल नसले तरी एक वेळ निभतं. मॅक्रोफेजवाचून गाडा अडतो. आणि त्या दुसऱ्या प्रयोगात मॅक्रोफेज संपवायला त्यांनी वापरलं काय? एक तर त्यांच्याविरुद्धचा सीरम, आणि सोबत हायड्रोकॉर्टिसोन. स्टेरॉइड.

काकांच्या त्या ट्यूबमध्ये त्याच घराण्यातलं औषध होतं. एप्रिलमध्ये जी लाली गेली म्हणून घरात आनंद झाला, ती लाली हा कामावर आलेल्या मजुरांचा गलका होता. गलका बंद पडला आणि कामही.

ट्यूब सुटली तेव्हा उलटा प्रकार सुरू झाला. रक्तात साखर सतत जास्त असली की न्यूट्रोफिल येतात पुष्कळ, पण जंतू धरून खाण्यात मंद पडतात. शिवाय मरताना ते स्वतःच्या डीएनएची जाळी बाहेर फेकतात. जंतू अडकवायची ही एरवी चांगली युक्ती, पण डायबेटीसमध्ये ती ऊठसूट चालते, आणि ही जाळी जखम भरू देत नाही हे २०१५ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. मॅक्रोफेजचं गिळणंही मंदावतं. न गिळलेले न्यूट्रोफिल फुटतात आणि त्यांच्यातली विरघळवणारी रसायनं तिथेच सांडतात. त्यात ताजं कोलॅजन विरघळतं, वाढीचे संदेश देणारी प्रथिनंही. मुलाने नंतर एकदा 'ते ग्रोथ फॅक्टरचं जेल' विचारलं होतं. आहे तसं औषध. पीडीजीएफ या प्रथिनाच्या जेलला अमेरिकेत १९९७ साली मान्यताही मिळाली. पण सांडपाण्याने भरलेल्या खड्ड्यात महागडं सिमेंट ओतून काय होणार, असं मी त्याला म्हटलं. आधी पाणी थांबायला हवं.

पाणी कुठून येतंय ते मला वाटत होतं मला माहीत आहे.

माझी चूक

पहिल्या दिवशी जखम तासली. हे दृश्य सोबत आलेल्या नातेवाइकांना बघवत नाही. ब्लेडने कडेचं टणक कातडं काढायचं, पिवळा थर खरवडायचा, आत वळलेल्या कडा छाटायच्या, ते थेट बारीक रक्ताचे ठिपके दिसेपर्यंत. बधिर करायचं इंजेक्शन लागलंच नाही. मी कापत होते आणि काका मला मेट्रोमुळे स्वारगेटचा धंदा कसा बसला ते सांगत होते. एकदाही पाय आखडला नाही. काकू भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

तासण्यामागचा विचार असा: जुनी जखम पुन्हा ताजी करायची. रक्त आलं की प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, येतात, त्यांच्याबरोबर वाढीचे संदेश येतात, जंतूंचा चिकट थर निघतो, अडकलेलं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. इन्सुलिन सुरू केलं, पेरॉक्साइड बंद, साधं सलाइन आणि ओलावा धरणारं ड्रेसिंग. अँटिबायोटिक दिलं नाही. संसर्गाची लक्षणं नसलेल्या जखमेचा स्वॅब काढला तर काहीतरी उगवणारच, आणि कागदावर जंतूचं नाव आलं की गोळी लिहायचा मोह आवरत नाही. म्हणून स्वॅबच पाठवला नाही.

आता राहिला भार. तळव्याच्या अशा जखमेला गुडघ्यापर्यंतचं न निघणारं प्लास्टर हा पहिला उपाय. मी ते सांगितलं. काकांनी हात जोडले. रिक्षाचा हप्ता होता, गणपती दीड-दोन महिन्यांवर आले होते, वर्षातला सगळ्यात चांगला धंदा. "मॅडम, पट्ट्याचा बूट द्या ना. चालताना घालतो, शब्द देतो. रिक्षा बंद." मी बूट दिला.

चार आठवडे दर सोमवारी ते आले. दर वेळी मी तासायची, दर वेळी तळ थोडा लाल दिसायचा आणि पुढच्या सोमवारी परत पिवळा. चौथ्या आठवड्याला मोजलं: ४.३ चौरस सेंटिमीटर. जेमतेम दहा टक्के घट. अशा जखमांत चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर यावं अशी अपेक्षा असते. तेवढं आलं नाही तर बारा आठवड्यांत भरण्याची आशा फार कमी. साखर उतरणीला लागली होती, ड्रेसिंग बरोबर होतं. मी मुलाला जेवणाबद्दल विचारत होते, प्रोटीनबद्दल बोलत होते, आणि बोलता बोलता सोडलेलं बँडेज हातात उलटं झालं.

बँडेजच्या खालच्या बाजूवर, पांढऱ्या पट्टीवर, काळपट तेलकट आडव्या रेघा उमटल्या होत्या. सारख्या अंतरावर सात रेघा, आणि मधली एक अर्धवट तुटलेली.

मी काही बोलले नाही. खाली गेले. दवाखान्यासमोर काकांची रिक्षा उभी होती; मुलगा चालवत आणतो असं मला सांगितलेलं. आत वाकून बघितलं. ब्रेकच्या पट्टीवरचं रबर झिजलेलं, त्यावर सात आडवे कंगोरे, मधला एक अर्धा उडालेला.

वर येऊन मी बँडेज त्यांच्यासमोर धरलं. काका बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फक्त सकाळची शिफ्ट करत होतो."

रागवायला मी मोकळी नव्हते. पट्ट्याचा बूट दिलेल्या पेशंटच्या पायाला आणि बुटाला पावलं मोजायची यंत्रं लावून २००३ साली एक अभ्यास झाला आहे. बूट पायात होता तो एकूण पावलांपैकी जेमतेम २८ टक्के पावलांना. हे मला पाठ होतं, तरी मी बूट दिला, कारण समोरच्या माणसाचा हप्ता मला दिसत होता आणि मॅक्रोफेज दिसत नव्हते. दया दाखवायची ती प्लास्टरवर दाखवायला हवी होती. एक महिना वाया गेला तो माझा नव्हे, त्यांचा.

या ब्रेकचा आणि रोगप्रतिकार यंत्रणेचा संबंध काय, हे तेव्हा मी तिघांनाही बसवून सांगितलं. पाय ब्रेकवर दाबला की जखमेच्या तळाशी ताज्या पेशी चिरडतात. चिरडलेली पेशी फुटली की तिच्यातला माल बाहेर पडतो, आणि तो माल हाच 'इथे अपघात झालाय' असा पुकारा असतो. जंतू असोत-नसोत, पुकारा झाला की न्यूट्रोफिल येणारच. सकाळच्या एका शिफ्टमध्ये ब्रेक किती वेळा दाबला जातो ते काकांनीच सांगावं. प्रत्येक दाबाला नवं खोदकाम. मॅक्रोफेज बिचारा पाळी बदलायच्या बेतात येतो आणि तेवढ्यात पुन्हा पहिल्या दिवसाचा भोंगा वाजतो. महागडा डबा, जेल, माझं तासणं, सगळं या भोंग्यापुढे फुकट.

"म्हणजे प्लास्टर हेच औषध?" मुलाने विचारलं.

मी हो म्हटलं, आणि ते अलंकारिक अर्थाने म्हटलं नव्हतं. इटलीत पिसाच्या डॉक्टरांनी २००३ साली अशाच तळव्याच्या जखमा कापून काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. काही पेशंटच्या पायाला कापण्याआधी सुमारे वीस दिवस प्लास्टर होतं, काहींच्या नव्हतं. बिनप्लास्टरच्या जखमांत सूज आणणाऱ्या पेशींची दाटी आणि मेलेली ऊती. प्लास्टरवाल्यांत दाटी ओसरलेली, नव्या रक्तवाहिन्या आणि भराव. वरून कुठलंही औषध न लावता, नुसता भार काढल्याने आतल्या पेशींचं वागणं बदललं होतं.

या प्लास्टरची कथा आपल्या मातीतली आहे. ते जगभर नेलं डॉ. पॉल ब्रँड यांनी, आणि त्यांनी ते वापरलं होतं वेल्लोरला, कुष्ठरोग्यांच्या तळव्यांवर. तोवर समज असा की कुष्ठरोग्याचं मांसच सडकं असतं, म्हणून जखम भरत नाही. ब्रँडनी दाखवलं की मांस चांगलं असतं. दुखत नाही म्हणून माणूस त्यावर चालत राहतो, एवढंच. काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे दुखायला पाहिजे होतं." होय, दुखायला पाहिजे होतं.

प्लास्टरचे आठ आठवडे

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात प्लास्टर घातलं. रिक्षा शेजारच्या गल्लीतल्या एका ओळखीच्याला शिफ्टने दिली. काकूंनी पोळ्यांची आणखी दोन घरं धरली. गणपतीचे दहा दिवस काका खुर्ची टाकून दारात बसून होते आणि विसर्जनाच्या रात्री टिळक रोडच्या ढोलांचा आवाज घरातून ऐकत होते. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. माहिती म्हणून सांगितलं, पण तीन वेळा सांगितलं.

पहिलं प्लास्टर तीन दिवसांनी काढून बघितलं, मग दर आठवड्याला. दुसऱ्या आठवड्याला ३ चौरस सेंटिमीटर. चौथ्याला १.७. तासायला काही उरलंच नव्हतं. पिवळा थर गेला आणि तळाशी मांसांकुर उगवले, ओले, दाणेदार, सोललेल्या डाळिंबासारखे. कडा सपाट होऊन त्यांच्यावरून पातळ जांभळट कातडं आत सरकत होतं. स्राव इतका कमी की ड्रेसिंग आठवडाभर कोरडं राहायचं. मी काकूंना बोलावून दाखवलं. या वेळी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं नाही.

त्याच दिवशी काकांनी तो प्रश्न विचारला. "मॅडम, आमच्या ट्यूबलाइटमागच्या पालीची शेपटी तुटली, महिन्याभरात नवी आली. माझं रुपयाएवढं कातडं यायला सहा महिने?"

पालीचं जाऊ दे. तिची नवी शेपटीही नकलीच असते, आत मणक्यांऐवजी कूर्चेची नळी. खरा उस्ताद मेक्सिकोचा ॲक्झोलॉटल, पाण्यात राहणारा सॅलॅमँडर. त्याचा पाय तोडला तर हाडं, स्नायू, बोटं यांसकट पुन्हा उगवतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१३ साली त्याच्या अंगातले मॅक्रोफेज संपवले आणि मग पाय तोडला. पाय उगवला नाही. तुटल्या जागी व्रण धरला, माणसासारखा. पुढे मॅक्रोफेज परत तयार झाल्यावर तोच पाय पुन्हा तोडला, तर तो उगवला. म्हणजे पुन्हा उगवणं आणि नुसतं ठिगळ लागणं यांच्यातला एक दरवाजा या भक्षक पेशींच्या हातात आहे. माणसाचंही एकदा जमत होतं. गर्भात साधारण २४ आठवड्यांपर्यंत कातडीला काप गेला तर तो व्रण न ठेवता भरतो, आणि तिथे सूज येते ती अगदी हलकी. नंतर आपण जन्मतो, जंतूंच्या जगात येतो, आणि शरीर घाईचा मार्ग धरतं: लवकर झाका, कसंही झाका. उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल तुडवणाऱ्या प्राण्याला तेच परवडत असणार, असं मला वाटतं. हे शेवटचं वाक्य माझं, विज्ञानाचं नव्हे.

काकांना यातलं एवढंच सांगितलं: "तुमचं कातडं येणार नाही. ठिगळ येईल. पण मजबूत येईल."

सहाव्या आठवड्याला ०.४. आठव्याला, दसऱ्याच्या दोन दिवस आधी, प्लास्टर कापलं तर जखमेच्या जागी गुलाबी, चकचकीत, जरासं खोलगट कातडं होतं. कापसाने टिपलं, कोरडं. एचबीएवनसी ८.१. दसऱ्याला रिक्षेला झेंडूचा हार घातल्याचा फोटो आला. फोटोत काकांच्या पायात एमसीआरच्या (मऊ, सच्छिद्र रबराच्या) तळव्याची चप्पल होती, आणि ती दिसावी म्हणून पाय मुद्दाम पुढे काढलेला.

ठिगळाचं पुढे

भरलेल्या जखमेवर विश्वास टाकू नये. तीन आठवड्यांच्या व्रणाची ताकद मूळ कातडीच्या पाचव्या हिश्श्याएवढी असते. पुढचं वर्षभर आत विणकाम-उसवण चालतं, मॅक्रोफेज तेव्हाही हजर असतात, आणि सगळं नीट झालं तरी मजल जाते ती फार तर ऐंशी टक्क्यांपर्यंत. डायबेटीसच्या पायात तर वर्षभरात दहातल्या सुमारे चार जणांची जखम पुन्हा उघडते. म्हणून रिक्षेबद्दल आमच्यात वाटाघाटी झाल्या. महिनाभर अजिबात नाही. मग रोज चार तास, ब्रेक तळव्याच्या मधल्या भागाने दाबायचा, ब्रेकचं रबर नवं, चपलेशिवाय एकही पाऊल नाही, देवळातसुद्धा मोजे. देवळातल्या मोज्यांवर काकूंनी आधी भुवया उंचावल्या, मग म्हणाल्या, "देवाला कळतं."

दर रविवारी पायाचा फोटो पाठवायचा, हे काकूंनी स्वतः ठरवलं. फोटोत नेहमी तीच निळ्या फुलांची फरशी आणि कोपऱ्यात काकूंचा अंगठा. मार्चमधल्या एका रविवारी आलेल्या फोटोत व्रणाच्या कडेला पिवळट घट्टा होता आणि घट्ट्याखाली तिळाएवढा काळा ठिपका. असा ठिपका म्हणजे आत रक्त साकळलेलं, कातडी फाटायच्या आधीची शेवटची सूचना. खाली काकूंचा मेसेज: 'हे आधी नव्हते.'

मी फोन केला. काकांनी उचलला.

"उद्या सकाळी या."

"उद्या सकाळची शिफ्ट आहे मॅडम, परवा येऊ का?"

मागून आवाज आला, "शिफ्ट गेली खड्ड्यात."

सोमवारी साडेनऊला दोघं हजर होते. घट्टा तासला. खाली साकळलेल्या रक्ताचा पातळ थर होता, आणि त्याच्याखाली अखंड कातडं.